बाटल्या आणि डोंगर

बाटल्यांची चित्रे काढून कोणी थोर चित्रकार होतो काय, असा प्रश्न एखाद्या गृहस्थाने विचारला तर त्याला हसण्याचे कारण नाही. चित्र म्हटले की त्यात काहीतरी घडलेले आपल्याला हवे असते. रविवर्म्याच्या तसबिरी आपल्याकडे घरोघर लागल्या, त्या रंगांइतक्याच त्यांतल्या कथांमुळे. मी तर कादंबरीकार. ‘पुढे काय झाले?’ या प्रश्नावरच माझा सारा प्रपंच चालतो. म्हणूनच जॉर्जो मोरांदी या इटालियन चित्रकाराने मला अनेक दिवस अडवून धरले आहे. त्याच्या चित्रांत काहीच घडत नाही.

मोरांदी १८९० साली बोलोन्या शहरात जन्मला आणि १९६४ साली तेथेच वारला. लग्न केले नाही. तीन बहिणींच्या सोबतीने आयुष्य काढले. १९१४ ते १९२९ तो प्राथमिक शाळांतून चित्रकला शिकवत होता. पुढे १९३० पासून १९५६ पर्यंत बोलोन्याच्या कला अकादमीत एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा उतरवून ठसे काढण्याच्या कलेचा, अध्यापक होता. साठी उलटून गेली तरी त्याने देशाची हद्द ओलांडली नव्हती. १९१३ पासून त्याचे उन्हाळे बहुधा ग्रिझाना या डोंगरातल्या खेड्यात जात. तेराशेहून अधिक तैलचित्रे त्याने रंगवली. आणि थोडी फुले, काही आरंभीची चित्रे वगळली तर विषय दोनच. टेबलावरची भांडी आणि खिडकीबाहेरचा डोंगर.

आमच्या शाळांतून एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुले बसतात, त्यांना स्थिरचित्र काढावे लागते. घडा, वाटी, एखादे फळ. घडा गोल दिसला, सावली योग्य बाजूला पडली, की मार्क मिळाले. मोरांदीची चित्रे म्हणजे याच धड्याची आयुष्यभर चाललेली उजळणी. फरक एवढाच, की आपण जेथे थांबतो तेथून तो सुरू होतो.

दिवाळीच्या तोंडावर घरातली पितळी भांडी चिंचेने घासून फळीवर मांडली जातात. मांडणारी बाई चार पावले मागे सरकून पाहते आणि एखादा तांब्या दोन बोटे इकडे सरकवते. तो तांब्या का सरकवला, हे तिला विचारले तर सांगता येणार नाही; पण सरकवल्यावर फळी शोभते, हे खरे. मोरांदी हेच करी. भांड्यांच्या जागा तो टेबलावरच्या कागदावर पेन्सिलीने आखून ठेवी. मात्र आपण चकाकी आणतो, तो चकाकी घालवी. बाटल्यांवरची लेबले काढी, काही बाटल्यांना आतून-बाहेरून रंग देई, वर धूळ बसू देई. बाटलीत काय होते आणि तिची किंमत किती, हे प्रश्न असे पुसले गेले की मग उरते तिची उंची, तिचा रुंदावा, आणि शेजारच्या डब्यापासून तिचे अंतर.

या ‘अंतर’ शब्दापाशी मी मुद्दाम थांबतो. मोरांदीचा खरा विषय तोच आहे. कुठे दोन भांडी इतकी खेटून उभी असतात की एकाची कड कुठे संपली आणि दुसऱ्याची कुठे सुरू झाली ते उमगत नाही. कुठे मधे बोटभर फट असते आणि सारे चित्र त्या फटीवर तोललेले असते. त्याची निसर्गचित्रेही तशीच. ग्रिझानाची घरे पाहा. दारे-खिडक्या जवळजवळ नाहीत, अंगणात माणूस नाही, उन्हात उभी राहिलेली एक फिकट भिंत, बाजूला झाडांचा धुरकट हिरवा गठ्ठा. टेबलावरचा डबा घरासारखा दिसतो, डोंगरावरचे घर डब्यासारखे. दोन विषय म्हणता म्हणता ते एकच निघतात.

आता एक कठीण प्रश्न. १९४३ साली फॅसिस्टविरोधी मित्रांशी असलेल्या संबंधांवरून मोरांदीला काही दिवस तुरुंगात काढावे लागले. सुटल्यावर तो ग्रिझानाला गेला आणि युद्धाची आघाडी जवळ येईपर्यंत, म्हणजे १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत, तेथेच चित्रे काढत राहिला. तो परतला, आणि २९ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर १९४४ या दिवसांत मार्झाबोत्तो, ग्रिझाना आणि मोंझुनो या गावांच्या परिसरात जर्मन एस. एस. सैनिकांनी सुमारे ७७० माणसे मारली. त्यांत दोनशेहून अधिक मुले होती. असा काळ दाराशी आला असता भिंती आणि झाडे रंगवत बसणे, ही पळवाट नव्हे काय?

मोरांदीला साधुपुरुष ठरवून हा प्रश्न सोडवता येणार नाही. १९२८ सालच्या आत्मपरिचयपर टिपणात त्याने फॅसिस्ट चळवळीविषयी विश्वास व्यक्त केला होता, हे विसरून चालणार नाही. तरीही १९४३ ची ती निसर्गचित्रे पाहताना ‘पळवाट’ हा शब्द माझ्या लेखणीतून उतरत नाही. पळणारा माणूस दुसरीकडे पाहतो; हा समोर पाहतो आहे. काय नष्ट झाले हे कळायला, ते नष्ट होण्यापूर्वी कोणीतरी निवांतपणे पाहिलेले असावे लागते. एका साध्या भिंतीवर उन्हाची तिरीप कशी पडत होती, याची साक्ष मोरांदी देतो. ती साक्ष हत्याकांडाची नव्हे. आणि ती तशी आहे असे भासवणे मृतांवर अन्याय होईल. पण ज्या जगात माणसे सुखाने राहू शकत होती, त्या जगाची ती साक्ष आहे.

त्याच्या मर्यादाही आहेत. एका बैठकीत तीसचाळीस चित्रे पाहिली तर कंटाळा येतो, आणि तो कंटाळा नेहमीच पाहणाऱ्याचा दोष नसतो. काही चित्रांत संयम इतका वाढतो की रक्तच आटते. माणसाचा चेहरा त्याच्या कुंचल्याने जवळजवळ वर्ज्यच केला. ही उणीव मला तरी जाणवते.

जगाने त्याला मान दिला. १९४८ साली व्हेनिसला आणि १९५७ साली ब्राझीलमधल्या साओ पावलोला त्याला मोठी पारितोषिके मिळाली. मला अधिक मोलाचा वाटतो तो खेड्याने दिलेला मान. १९८५ साली गावाने आपले नावच ‘ग्रिझाना मोरांदी’ केले. १९५९-६० च्या सुमारास त्याने तेथे बांधलेले घर जपून ठेवले आहे. आणि घराजवळची कांपिआरोची गवताची कोठारे, जी त्याने पुनःपुन्हा रंगवली, ती डागडुजी करून तेथे आता चित्रांची प्रदर्शने भरतात. जे चित्रात होते त्याचीच चित्रशाळा झाली! मोठ्या शहरातल्या संगमरवरी दालनात हे साधत नाही. येथे प्रेक्षक चित्र पाहून बाहेर पडला की तोच डोंगर आणि तेच ऊन त्याच्यापुढे उभे राहते, आणि चित्रकाराने काय घेतले व काय सोडले, याचा पडताळा त्याचा त्यालाच घेता येतो. चित्रकला शिकवण्याचा याहून चांगला वर्ग मला ठाऊक नाही.