रहस्यकथांचीं मुखपृष्ठें आणि त्यांचे संग्राहक

ज्या पुस्तकांना एके काळीं घरांतील वडील मंडळी मुलांच्या हातीं लागूं देत नसत, तींच पुस्तकें आतां रद्दीच्या ढिगांतून शोधून काढून जपलीं जात आहेत. बाबूराव अर्नाळकरांची एखादी जीर्ण रहस्यकथा हातीं आली म्हणजे संग्राहक प्रथम कथा पाहत नाहीं; मुखपृष्ठ शाबूत आहे कीं नाहीं तें पाहतो. त्यावर रघुवीर मुळगांवकरांची सही निघाली, तर मूळच्या आण्यांतल्या किमतीची कोणी आठवणहि काढीत नाहीं. या छंदाला हंसणें सोपें आहे. आम्हांस मात्र तो हंसण्याजोगा वाटत नाहीं, अर्धवट वाटतो. आणि त्याचें अर्धवटपण कोठें आहे हें दाखवावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हा विषय हातीं घेतला आहे.

कागदी बांधणीच्या स्वस्त पुस्तकांनीं जगांत दोन वाटा धरल्या. इंग्लंडांत ॲलन लेन यांनीं १९३५ सालीं पेंग्विन पुस्तकमाला काढली. किंमत सहा पेन्स आणि मुखपृष्ठावर चित्र मुळींच नाहीं. कादंबरीला नारिंगी पट्टे, गुन्ह्याच्या कथेला हिरवे. वाचकानें रंग ओळखावा आणि पुस्तक उचलावें. अमेरिकेंत १९३९ सालीं पॉकेट बुक्स निघालीं तीं चित्रांचा आधार घेऊन. मराठी रहस्यकथेनें ही दुसरी वाट पत्करली, आणि त्यास कारणहि होतें. आपल्याकडे हीं पुस्तकें विकत घेणारे थोडे आणि वाचनालयांतून भाड्यानें नेणारे फार. वाचनालयाच्या फळीवर किंवा एस. टी. च्या स्थानकावरील दुकानांत तें पुस्तक दुरूनच डोळ्यांत भरलें पाहिजे, ही त्याची पहिली गरज. चित्र हाच त्याचा पुकारा होता.

अशा चित्राची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी? आमच्या सोनगीर गांवांत तांब्यापितळेचीं भांडीं घडविण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असल्यामुळें ती कसोटी आम्हांस घरच्या घरीं सांपडते. भांडें घडवून झालें म्हणजे तांबट तें मठारतो. म्हणजे हातोडीनें त्याच्या अंगावर सारखे, एकाशेजारीं एक ठोके घालीत जातो. त्या ठोक्यांचे पैलू चकाकतात व भांडें देखणें दिसतें. पण तेवढ्यासाठींच तो हात दुखवीत नाहीं. ठोक्यांनीं पत्रा कठीण होतो, आणि भांड्यास सहजासहजीं पोचा पडत नाहीं. उलट चिंचेनें घासून आणलेला उजाळा चार दिवसांत काळवंडतो. शोभा दोहोंतहि आहे. परंतु एकीनें वस्तु बळकट झाली, दुसरीनें ती नुसती चकाकली. मुखपृष्ठावरील चित्र मठारकामासारखें आहे कीं उजाळ्यासारखें, एवढेंच आम्ही विचारूं.

अर्नाळकर (१९०६–१९९६) यांचें मूळ नांव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक पिढ्यांच्या तोंडीं होते. त्यांच्या पुस्तकांना मुळगांवकरांनीं (१९१८–१९७६) जें रूप दिलें, त्याचें वैशिष्ट्य म्हणजे फवाऱ्यानें रंग भरण्याची पद्धति. कुंचल्याची रेघ कोठें दिसत नाहीं. गालावर प्रकाश कोठें संपला आणि छाया कोठें लागली तें कळत नाहीं. याच हातानें त्यांनीं देवादिकांचीं चित्रें काढलीं आणि तीं दिनदर्शिकांवरून घरोघरच्या भिंतींवर गेलीं. म्हणूनच त्यांच्यावर असा आक्षेप येतो कीं, यांची लक्ष्मी आणि यांची संकटांत सांपडलेली तरुणी या सख्ख्या बहिणी दिसतात. समोर पिस्तुल रोखलेलें असतां चेहऱ्यावरची कांति ढळत नाहीं. हें भय नव्हे, भयाला दिलेला उजाळा आहे.

आक्षेप वरवर पाहतां बिनतोड आहे. परंतु आक्षेपकानें पुस्तक उघडून कथा वाचावी. झुंजार अखेर हरेल अशी शंका अर्नाळकरांच्या वाचकाला येतच नाहीं. दुष्टाचें पारिपत्य ठरलेलें, सज्जनाची सुटका ठरलेली. उत्सुकता एवढीच कीं, हें घडणार कसें. ही रचना मुळांत पुराणकथेची आहे, आणि अशा जगांतील माणसें देवांच्याच तेजानें उजळलेलीं असावीं हें योग्यच आहे. चित्रकारानें कथेचा पोत ओळखला व पहिलें पान उलटण्यापूर्वींच तो वाचकाच्या हातीं दिला. आमच्या मतें हें मठारकाम आहे.

दीनानाथ दलालांचा (१९१६–१९७१) मार्ग निराळा. ते रेषेचे धनी. सपाट रंगाचा एखादा मोठा पट्टा, त्यावर चार जोरकस रेघा, आणि बाकीची जागा मोकळी; ती पाहणारानें आपल्या मनानें भरावी. स्वस्त छपाईंत या पद्धतीचा एक फायदा असे. फवाऱ्याच्या छटा उमटविण्यास जाळीच्या ठिपक्यांचे ब्लॉक लागत, आणि निरनिराळ्या रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके न बसले, तर नायिकेच्या ओठाचा रंग गालावर सरके. जोरकस रेषा व सपाट रंग अशी हेळसांड पुष्कळ सोसतात. दलालांतहि दोष आहे. रेषेच्या डौलाचा मोह त्यांना आवरत नाहीं. स्त्री सणांत असो वा संकटांत, तिची मान त्याच वळणानें कललेली. तरीहि वाचकाच्या कल्पनेसाठीं जागा राखून ठेवण्याचें त्यांचें औदार्य मुळगांवकरांत नाहीं, हें सांगितलेंच पाहिजे.

या दोघांच्या मागून जे अनुकरण करणारे आले, त्यांच्या हातीं मात्र बव्हंशीं उजाळाच उरला. कथा दरोड्याची, आणि मुखपृष्ठावर पदर ढळलेली स्त्री. आंत दीडशें पानें चाळलीं तरी तिचा पत्ता नाहीं! असें चित्र कितीहि सफाईनें काढलेलें असलें तरी तें वाचकाची फसवणूक करतें. पण ही फसवणूक ओळखणार कोण? ज्यानें आंतील पानें वाचलीं तोच. येथेंच संग्राहकाशीं आमचा मुख्य वाद आहे. चित्र कथेशीं इमान राखून आहे कीं नाहीं, हा निवाडा कथेवांचून करतां येत नाहीं. आणि आज तर चित्र आणि कथा यांची ताटातूट दोन्हींकडून चालली आहे.

पहिली ताटातूट वाचनालयांनीं केली. पुस्तक फाटूं नये म्हणून मुखपृष्ठ काढून टाकावें, कडा कापाव्या आणि जाड पुठ्ठ्यांत बांधावें, ही बांधणाराची नित्याची रीत. हेतु चांगला, परिणाम असा कीं कथा उरली आणि चित्र गेलें. दुसरी ताटातूट संग्राहक करतो. तो मुखपृष्ठ कापून घेतो, कांचेखालीं चौकटींत बसवितो आणि उरलेलें पुस्तक पुन्हा रद्दींत टाकतो. चित्रकाराकडे सरकारनेंहि दुर्लक्षच केलें. १८६७ च्या कायद्यानें छापलेल्या पुस्तकांची नोंद करण्याची सक्ति केली होती. तींत नांव, भाषा, लेखक, विषय, मुद्रक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ति, प्रती, किंमत व हक्काचा मालक, एवढें सर्व मागितलें होतें. मुखपृष्ठाच्या चित्रकाराचें नांव त्या यादींत नव्हतें. तेव्हां कित्येक चित्रांच्या बाबतींत कोपऱ्यांतील सही हाच काय तो कर्त्याचा पुरावा, आणि कडा कापतांना पुष्कळदां तोच प्रथम जातो.

खानदेशांतील वाचकांस तरी हें अधिक विस्तारानें सांगण्याची गरज पडूं नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव फिरून जुने कागद जमविले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ खंडाखंडानें छापिलीं. त्यांचा देह १९२६ सालीं धुळ्यांत पडला आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथेंच उभें राहिलें. त्याच धुळ्यांत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं रामदासी बाडें जमवून समर्थ वाग्देवता मंदिरांत ठेविलीं. रहस्यकथेला बखरीच्या पंक्तीस बसवावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जुन्या कागदाविषयींची शिस्त तीच. कागद संपूर्ण ठेवावा, कोठें मिळाला तें लिहावें, आणि त्यावरील क्षुद्र खूणहि पुसूं नये. वाचनालयाचा शिक्का, भाड्याच्या तारखांची चिठ्ठी, कोण्या वाचकानें समासांत लिहिलेलें ‘खुनी हाच’, या गोष्टींनीं चित्राची किंमत बाजारांत घटत असेल. पण पुस्तक कोणीं, कोठें आणि कशा उत्कंठेनें वाचलें हें त्याच सांगतात.

जतनाचा प्रश्नहि निकडीचा आहे. हा कागद लांकडाच्या लगद्याचा. त्यांतील आम्लानें तो आंतूनच पिवळा पडतो व ठिसूळ होतो, आणि आमच्याकडील वैशाखाचें ऊन त्यास घाई करतें. कसर आणि वाळवी आहेतच. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये, तिचा डिंक कालांतरानें तपकिरी डाग पाडतो. ऊन व ओल टाळून पुस्तक आडवें ठेवावें. आणि मुखपृष्ठाचें छायाचित्र घेऊन चित्रकाराचें नांव, वर्ष व किंमत वहींत टिपावी. एवढें करण्यास फारसा पैसा लागत नाहीं. जिल्ह्यांतील प्रत्येक जुन्या वाचनालयानें आपल्या कपाटांतील न बांधलेल्या प्रती आधीं बाजूला काढल्या, तरी पुष्कळ वांचेल.

संग्राहकांस आमची विनंति एकच आहे: पुढच्या वेळीं एखादें सुरेख मुखपृष्ठ हातीं लागलें म्हणजे कात्री बाजूला ठेवावी आणि तें पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावें. मग तें चित्र चौकटींत लावण्याच्या योग्यतेचें आहे कीं नाहीं हें त्यांचें त्यांनाच कळेल, आणि योग्यतेचें असलें तर तें कापवणारहि नाहीं.