अशुभाची चाहूल आणि आमची भाषा

‘हॅम्लेट’ नाटकाचा पांचवा अंक शिकवितांना एका स्थळीं वर्ग नेहमीं अडतो. तलवारीच्या सामन्याला जाण्यापूर्वीं, अंतर्यामीं कांहीं तरी बरें वाटत नसल्याचें हॅम्लेट आपल्या मित्राजवळ कबूल करतो. मित्र सामना टाळण्याचें सुचवितो. हॅम्लेट शकुनाला जुमानीत नाहीं, आणि प्राणास मुकतो. या मनःस्थितीला मराठींत काय म्हणावें, असें विचारलें कीं कोणी ‘अपशकुन’ म्हणतो, कोणी ‘पूर्वसूचना’. दोन्ही उत्तरें चुकलेलीं. अपशकुन बाहेर घडतो. पूर्वसूचना नळाचें पाणी बंद राहणार असल्याची असते.

येथें इंग्रजीची श्रीमंती मान्य केली पाहिजे. ‘ओमेन’ व ‘पोर्टेंट’ हीं बाहेरचीं चिन्हें. ‘फोअरबोडिंग’ व ‘प्रेझेंटिमेंट’ या मनाच्या अवस्था. त्यामुळें शकुन न मानणारा इंग्रजहि आपली अस्वस्थता निःसंकोच बोलून दाखवूं शकतो. आमच्या सुशिक्षितांनीं शकुन टाकले, आणि त्यांच्याबरोबर त्या भावनेचे शब्दहि माजघराकडे सोंपवून दिले. मुलगा दूरदेशीं निघाला म्हणजे आईचा जीव खालींवर होतो, आणि ती तसें बोलते. वडिलांचाहि होतो, पण त्यांना एक तर इंग्रजी शब्द शोधावा लागतो, नाहीं तर गप्प बसावें लागतें.

परंतु ते इंग्रजी शब्द तरी जन्मतः सोंवळे आहेत काय? ‘डिझास्टर’च्या पोटांत प्रतिकूल तारा आहे, ‘सिनिस्टर’ म्हणजे मूळ लॅटिनमध्यें डावा. तारा मावळला, डावा हात विस्मरणांत गेला, अर्थ तेवढा उरला. मराठीनेंहि हेंच केलें आहे. ‘मनांत शंकेची पाल चुकचुकली’ असें आपण म्हणतों, तेव्हां भिंतीवर पाल नसते. बाहेरचा शकुन मनांत शिरला आणि भावनेचें नांव होऊन बसला. ‘काळजांत चर्र झालें’, ‘मन चरकलें’ यांना तर शकुनाचा आधारहि नको.

शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत राजापुढें जातांना शकुंतलेचा उजवा डोळा लवतो. मृच्छकटिकाच्या नवव्या अंकांत न्यायसभेकडे निघालेल्या चारुदत्ताचा डावा. तेथें चिन्ह व भय यांची फारकत अजून झालेली नाहीं. ती फारकत मराठी वाक्प्रचारांनीं मुकाट्यानें करून ठेवली आहे. गोपाळ गणेश आगरकरांनीं १८८३ सालीं ‘हॅम्लेट’चें भाषांतर प्रसिद्ध केलें, त्याला ‘विकारविलसित’ असें नांव दिलें. भूतपिशाच्चांना न मानणाऱ्या या सुधारकाला त्या नाटकांत मनोविकारांचा खेळ महत्त्वाचा वाटला, हें त्या नांवावरूनच दिसतें.

मराठीची अडचण एवढीच कीं, तिची ही संपत्ति बहुतेक क्रियापदांत सांठविलेली आहे. नामाला नाम शोधणाऱ्या भाषांतरकाराला ती सांपडत नाहीं. मग तो ‘अनिष्टसूचक भावना’ असलें कांहीं घडवितो, आणि पात्र बोलण्याऐवजीं कोश बोलूं लागतो. त्यापेक्षां हॅम्लेटच्या तोंडीं शंकेची पाल घालावी आणि मग त्याला शकुन झिडकारूं द्यावा. ज्या शब्दांत तो आपलें भय सांगेल, त्यांतच झिडकारलेला शकुन दडलेला असेल. हें मूळ इंग्रजींतहि साधलेलें नाहीं.