भयाची तिथी आणि आस्वादाचा काळ

‘हॅलोवीन’च्या सणाशी निगडित भयपट वर्षभर आवडीने पाहण्याची प्रवृत्ती सामान्यतः छांदिष्टपणात जमा केली जाते. सणाचा चित्रपट सणापुरता, ही त्यामागील धारणा होय. या धारणेच्या मुळाशी मात्र एक गंभीर प्रश्न आहे: कलाकृतीच्या अंतर्गत असलेली तिथी आणि आस्वादकाच्या पंचांगातील तिथी यांचा परस्परसंबंध कोणता? मराठी समीक्षेला हा प्रश्न परका मानता येणार नाही. दिवाळी अंकांच्या आश्रयाने वाढलेल्या भयकथेला ‘हंगामी’ ठरवून बाजूस सारताना तिनेही हीच धारणा गृहीत धरली आहे.

या प्रश्नाची कसोटी सणाच्या मायभूमीपेक्षा तिच्यापासून दूरच्या प्रेक्षकावर अधिक नेमकी लागते. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी ३१ ऑक्टोबर हा कापूसवेचणीच्या हंगामातील एक दिवस असतो. भयाचे तेथील लौकिक पंचांग वेगळे आहे. अमावास्या आणि पितृपक्ष ही त्यातील ठळक स्थाने. विदर्भात श्रावण अमावास्येला पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघून त्यांचे दहन केले जाते. ईडापीडा आणि रोगराई वेशीबाहेर घालवणे हा त्या विधीचा आशय. विधीतील भय तिथीला बांधलेले असते, कारण ते त्या दिवशी संपवायचे असते. कलेतील भयाकडे मात्र रसिक पुनःपुन्हा वळतो. बाभुळगावच्या प्रेक्षकाने हॅलोवीनचा चित्रपट कोणत्याही महिन्यात पाहिला तरी त्या सणाचा संस्कार त्याच्यापाशी नसतोच. तरीही त्याला भय जाणवत असेल, तर त्याचा उगम संहितेतच शोधावा लागेल.

जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोवीन’ (१९७८) या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. त्याचा प्रारंभ ३१ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री होतो. दीर्घ आत्मनिष्ठ दृश्यातून प्रेक्षक खुन्याच्या डोळ्यांनी घरात शिरतो, आणि मुखवटा दूर होताच तो खुनी सहा वर्षांचा मुलगा असल्याचे कळते. पंधरा वर्षांनी तो त्याच सणाला गावी परततो. मुखवटा धारण केलेला माणूस रस्त्यात उभा असूनही कोणाला संशय येत नाही, अशी ही वर्षातील एकच रात्र. म्हणजे सण ही येथे खुन्याची ओळख झाकणारी योजना ठरते. तिथी कथानकात काम करते. प्रेक्षकाच्या घरी तो सण असण्याची तिला गरज उरत नाही. किंबहुना या चित्रपटातील शरद ऋतूही निर्माण केलेला आहे. चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंतात झाले आणि रंगवलेली पाने रस्त्यावर पसरून, गोळा करून, पुन्हा वापरण्यात आली.

भारतीय साहित्यशास्त्रात या अनुभवाची उपपत्ती उपलब्ध आहे. भयानक रसाची प्रतीती उलगडताना अभिनवगुप्त ‘शाकुंतला’तील भेदरलेल्या हरिणाचे उदाहरण घेतात. तेथे प्रतीत होणारे भय ना त्या विशिष्ट हरिणाचे, ना प्रेक्षकाचे; देश आणि काल यांच्या मर्यादा त्याला स्पर्श करीत नाहीत. या विवेचनातून कृतीतील काल पुसला जातो असा अर्थ मात्र काढता येत नाही. तो उद्दीपन विभाव म्हणून टिकून राहतो. गळून पडते ते त्याचे लौकिक बंधन. वैशाखात हॅलोवीनचा चित्रपट पाहणारा रसिक नेमके हेच अनुभवत असतो.

यावरून ‘हंगामी’ या विशेषणाचा एक निकष हाती येतो. कृतीतील तिथी वाचकाच्या रूढ धास्तीवर विसंबून राहत असेल, तर ती कृती कोणत्याही महिन्यात हंगामीच असते. केवळ वातावरणनिर्मितीसाठी आणलेली अमावास्या अशा कथांतून विपुल आढळते. ती वगळली तरी कथानकाला धक्का पोहोचत नाही. उलट, तिथीला रचनेत कार्य असेल, अथवा कृती तिथीवाचून स्वतःचा काळ घडवीत असेल, तर तिच्या प्रकाशनाचा महिना गौण ठरतो. रत्नाकर मतकरी यांच्या भयकथेत मनाच्या गाभ्यातून उद्भवणारे भय बहुतांशी असे तिथीनिरपेक्ष आहे.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा याचा चित्रपटीय दाखला. नारायण धारप यांच्या कथेचे ऋण असलेल्या या हिंदी चित्रपटात भयाचे अधिष्ठान तिथी नसून अखंड पाऊस आणि पिढीजात हाव हे आहे. १९१८, १९३३ आणि १९४७ ही त्यातील वर्षे त्या हावेचेच टप्पे होत. तो प्रथम नवरात्रात, १२ ऑक्टोबर २०१८ रोजी आला; १३ सप्टेंबर २०२४ रोजी, ऐन गणेशोत्सवात, पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याला पहिल्या खेपेहून अधिक प्रेक्षक लाभला. उत्सवाच्या दिवसांत भयाचा आस्वाद घेताना या प्रेक्षकाला कोणतीही विसंगती जाणवली नाही.

दिवाळी अंकाचे पान हे भयकथेचे जन्मस्थान असेल. तिचे मूल्य त्या पानावर ठरत नाही. अंक शिळा झाल्यावर, भर उन्हाळ्यात वाचनालयातून घरी आणलेली कथा वाचकाचा श्वास रोखून धरीत असेल, तर ‘हंगामी’ हा शिक्का कथेवर नव्हे, तो मारणाऱ्या समीक्षेवर बसतो.