मूठ कुणाची, पातं कुणाचं?

शहागंजात घड्याळाच्या टॉवरपासून सराफ्याकडे निघालं, की रस्त्याच्या कडेला धार लावणारे एक चाचा उभे असतात. सायकल स्टँडवर चढवलेली, चेनला जोडलेली दगडाची चकती, आणि पॅडल मारत सुरीतून उडणाऱ्या ठिणग्या. लहानपणापासून आई मला घरातल्या सुऱ्या, कात्री आणि विळी पिशवीत घालून त्यांच्याकडे पाठवते. आता मी पुण्यात कोड लिहितो, पण घरी आलो की ती पिशवी माझी वाट बघत असते.

हा लेख तलवारींच्या एका संग्रहालयाबद्दल आहे. सुरुवात विळीपासून केली, कारण शेवटी परत तिथेच यायचं आहे.

तलवार या वस्तूशी माझी पहिली ओळख कशी झाली, तेही सांगायला हवं. सिनेमा, गाडीच्या काचेवरचे स्टिकर, मिरवणुकीतले फ्लेक्स, तलवारीने केक कापणारे आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात मान खाली घालून बसलेले बर्थडे बॉय. आणि मग मे २०१८. ११ तारखेच्या रात्री शहागंज, राजाबाजार, मोतीकारंजा भागात दंगल पेटली. दोन माणसं गेली, कितीतरी दुकानं जळाली. मी तेव्हा इंजिनियरिंगला होतो, सेमिस्टरची परीक्षा तोंडावर होती आणि नेट बंद होतं. नोट्स डाउनलोड करून ठेवल्या नाहीत म्हणून मी चिडलो होतो. आज त्या चिडण्याची लाज वाटते. त्याच महिन्याच्या अखेरीस बातमी आली: शहरात ऑनलाइन मागवलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्या. मोबाइल कव्हर मागवावं तशी तलवार मागवली जात होती.

तेव्हापासून तलवार म्हटलं की माझ्या डोक्यात कुरिअरचा खोका यायचा.

तो खोका पहिल्यांदा बाजूला सरकला तो टोकियोत. कंपनीच्या प्रोजेक्टसाठी काही आठवडे तिथे होतो. एका रविवारी सुमोचं स्टेडियम बघायला र्‍योगोकू भागात गेलो आणि शेजारच्या जुन्या यासुदा उद्यानाच्या कडेला जपानी तलवारींचं संग्रहालय दिसलं. १९६८ साली योयोगी भागात सुरू झालेलं हे संग्रहालय २०१८ च्या जानेवारीत या नव्या इमारतीत आलं. म्हणजे आमच्याकडे कुरिअरचे खोके फुटत होते, त्याच वर्षी. मुंबई-दिल्लीची संग्रहालयं डोळ्यांसमोर ठेवली तर हे अगदीच लहान. मी अर्धा तास धरून गेलो आणि अडीच तासांनी बाहेर पडलो.

पहिला धक्का असा, की तिथे तलवारींना मूठच नव्हती. मूठ, परज, म्यान सगळं उतरवून नुसतं पातं पांढऱ्या कापडावर ठेवलेलं. मुठीत जाणारा पात्याचा शेवटचा भाग, ज्याला ते 'नाकागो' म्हणतात, उघडा. घडवणारा लोहार त्यावर छिन्नीने आपलं नाव कोरतो. काही जण गावाचं नाव आणि सालही कोरतात. हा भाग गंजलेला असतो आणि तो गंज मुद्दाम काढत नाहीत, कारण त्याच्या रंगावरून पात्याचं वय ताडता येतं. बाकीचं पातं आरशासारखं, आणि नावाच्या जागी शेकडो वर्षांचा गंज तसाच राखलेला. मला हे फार आवडलं.

दुसरा धक्का धारेचा. पात्याच्या कडेने धुक्यासारखी एक पांढरट लाट जाते, तिला 'हामोन' म्हणतात. ती काही नक्षी नाही. पाणी देण्याआधी लोहार पात्याच्या पाठीवर मातीचा जाड थर देतो आणि धारेवर पातळ. लालबुंद पातं पाण्यात बुडवलं की धार झटक्यात थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन लवचीक राहते. कडक झालेलं पोलाद किंचित जास्त जागा घेतं, त्यामुळे धारेची बाजू फुगते आणि पातं पाठीकडे वाकतं. त्या सुप्रसिद्ध बाकाचा बराचसा भाग हातोड्याने नाही, तर पाण्यातल्या त्या काही क्षणांत येतो. कॉलेजात मटेरियल सायन्स हा विषय मी घोकंपट्टी करून काढला होता. 'मार्टेन्साइट' या शब्दाला चेहरा आहे, हे तिथे कळलं.

पाट्यांवर काय होतं? घडवणाऱ्याचं नाव, त्याचा प्रांत, काळ, लांबी, हामोनचा प्रकार. या तलवारीने कुणाला मारलं, कोणती लढाई जिंकली, याला तिथे पहिलं स्थान नव्हतं.

इथे भाबडेपणाने 'बघा, ते कसे आणि आपण कसे' असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण जपानी तलवार काचेच्या पेटीत इतकी शांत दिसते, त्यालाही इतिहास आहे. १८७६ मध्ये सरकारनेच सामुराईंना तलवार बाळगून फिरायला बंदी केली. दुसऱ्या महायुद्धात जपानी अधिकाऱ्यांच्या कमरेला तलवारी होत्या आणि चीनपासून आग्नेय आशियापर्यंत त्यांनी काय केलं, हे तिथल्या लोकांना विचारावं. हरल्यावर अमेरिकन फौजांनी तलवारी जप्त करायला घेतल्या, तेव्हा 'हे शस्त्र नाही, ही कला आहे' असं म्हणून त्या वाचवल्या गेल्या. हे संग्रहालय चालवणारी संस्था १९४८ सालची, त्याच धडपडीतून जन्मलेली. म्हणजे 'कला' हा शब्द तिथे सौंदर्याइतकाच बचावाचाही आहे. रक्त पुसल्यावर जे उरतं तेच आपण बघतो, ही या मांडणीची मोठी उणीव आहे. पण पुसताना त्यांनी घडवणाऱ्याचं नाव तेवढं पुसलं नाही. परंपरा जगवायचे नियमही केले: परवानाधारक लोहाराकडे किमान पाच वर्षं उमेदवारी, आणि परवाना मिळाल्यावरही महिन्याला दोनच लांब तलवारी घडवायची मुभा.

परत आल्यावर मी आमच्या शहरातल्या सिडको एन-८ मधलं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय पुन्हा बघायला गेलो. शाळेच्या सहलीत गेलो होतो, तेव्हा शेजारच्या बागेतल्या झोक्यांकडे जास्त लक्ष होतं. इथे मराठाकालीन शस्त्रं आहेत, पण शहराबाहेर ते ओळखलं जातं तीन वस्तूंसाठी: सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचं चिलखत, चारशे वर्षांपूर्वीची पैठणी आणि औरंगजेबाच्या हस्ताक्षरातली म्हणून दाखवली जाणारी कुराणाची प्रत.

जपानमधून घेऊन आलेला प्रश्न मी या तिन्ही वस्तूंना विचारला: तुला कुणी घडवलं?

चिलखत म्हणजे हजारो लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून केलेलं काम. कुणी केलं? माहीत नाही. पैठणीत जरीचा एकेक धागा हाताने वळवलेला. कुणी विणली? माहीत नाही. कुराण कुणी लिहिलं? औरंगजेबाने. तिघांपैकी एकाच वस्तूच्या कारागिराचं नाव आपल्याला ठाऊक आहे, आणि तेही तो बादशहा होता म्हणून.

त्या एका दालनाबद्दलची ही तक्रार नाही. आपल्याकडे वस्तूकडे बघायची सवयच अशी आहे. आपण तलवारीला 'कुणाची' असं विचारतो, 'कुणी केलेली' असं विचारत नाही. अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, तेव्हा माझ्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो होता. त्या पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव, त्यांचा 'सेनासाहेब सुभा' हा किताब आणि 'फिरंग' हा शब्द आहे. फिरंग म्हणजे युरोपात घडलेलं पातं आणि त्याला आपल्याकडे बसवलेली मूठ. म्हणजे एका तलवारीत किमान दोन दूरदेशीचे कारागीर आहेत: एक युरोपातला भट्टीवाला, एक इथला मूठ बसवणारा. शिवाय सोन्याने अक्षरं भरणारा तिसरा. आमच्या ग्रुपवर 'परत आली' यावर अडीचशे मेसेज पडले. 'फिरंग म्हणजे काय' असं एकाने विचारलं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

खरं तर ते उत्तर फार रंजक आहे. मराठ्यांनी परकी पाती आनंदाने वापरली, कारण ती चांगली होती. आणि त्याच काळात आपल्या दख्खनचं पोलाद उलट्या दिशेने जगभर जात होतं. आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे गाव आपल्यासारखंच पूर्वी निजामाच्या राज्यात होतं. तिथे मातीच्या मुशीत लोखंड बंद करून, तापवून, सावकाश थंड करून पोलादाच्या वड्या करत. त्या न्यायला इराणचे व्यापारी तिथवर येत, अशी नोंद १९व्या शतकातल्या एका ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञाने केली आहे. अशा पोलादाच्या पात्यावर वाहत्या पाण्यासारखी वळणं उमटत. इंग्रजीत त्याला 'वूट्झ' म्हणतात. विजेवर काम करण्याआधी मायकेल फॅरेडे १८१९ मध्ये याच भारतीय पोलादाचं गूढ उकलायचा प्रयत्न करत होता. तो स्वतः लोहाराचा मुलगा. पण त्या वड्या करणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला सांगता येणार नाही.

गंमत म्हणजे वस्तू घडवणाऱ्याला विसरलो, तरी भाषेने त्याचं काम जपून ठेवलंय. आपण पात्याला 'पाणी देतो'. माणूस 'पाणीदार' असतो. समोरच्याचं 'पाणी जोखतो'. हे शब्द दरबारातून नाही, भट्टीशेजारच्या डोणीतून आलेले असावेत असं मला वाटतं. आणि शस्त्राची शिकल करणारा, म्हणजे घासून त्याला धार आणि झिलई आणणारा, तो शिकलगार. आज हे आडनाव आहे, जमातीचं नाव आहे, पण संग्रहालयाच्या पाटीवर मी ते अजून वाचलेलं नाही.

माझ्या कामात प्रत्येक ओळीला कर्त्याचं नाव असतं. रात्री दोन वाजता सिस्टिम कोसळली, तर एका कमांडमध्ये कळतं की ही ओळ कुणी, कधी लिहिली. बहुतेकदा ते नाव माझंच निघतं. त्यामुळे डेटाबेसमधला एक साधा फरक मला सारखा आठवत राहतो. रकाना असणं पण त्यात माहिती नसणं ही एक गोष्ट, आणि रकानाच नसणं ही दुसरी. पहिल्यात आपण विचारलं आणि उत्तर मिळालं नाही. दुसऱ्यात आपण विचारलंच नाही. नुसतं 'तलवार, १७वं शतक' लिहिलेली पाटी दुसऱ्या प्रकारातली. तिच्यावर एवढं वाढवायला पैसे लागत नाहीत: पातं कुठलं, मूठ कुठली, घडवणारा अज्ञात. 'अज्ञात' हा शब्द वाचताना निदान कुणीतरी होतं, एवढं तरी कळतं.

हे परदेशी खूळ आहे असं कुणी म्हणेल, तर त्याने बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजापाशी जावं. तिथल्या लेखात दोन नावं आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. एक मुसलमान, एक हिंदू, दोघेही बांधणारे. सेल्फीच्या गर्दीत ती नावं कुणी वाचत नाही. मीही इंजिनियर होऊन बरीच वर्षं झाल्यावर वाचली. या शहराने साडेतीनशे वर्षांपूर्वी हा रकाना केला होता आणि भरलाही होता.

आता यातून काय साधणार? पाट्या बदलल्याने दंगली थांबतील, असं मी म्हणणार नाही. तितका वेडा नाही. पण तलवारीची फक्त मूठ दाखवत राहिलो, तर बघणाऱ्याला एकच गोष्ट सुचते: आपला हात त्या मुठीवर कसा दिसेल. पातं दाखवलं, त्यातलं पाणी दाखवलं, ते द्यायला लागलेली वर्षं सांगितली, तर कदाचित दुसरंही काही सुचेल. मला सुचलं. कुरिअरच्या खोक्यातल्या त्या तलवारीवर घडवणाऱ्याचं नाव नसतंच, कारण तिच्याकडून कुणाला वस्तू म्हणून काही अपेक्षाच नसते. ती नुसती उगारायची असते.

गेल्या खेपेला विळी घेऊन गेलो, तेव्हा चाचांनी पातं अंगठ्यावर हलकेच ओढलं आणि म्हणाले, "पानी उतर गया इसका. कितने साल की है?"

"आजी की है, चाचा."

त्यांनी पातं उलटंपालटं केलं, पाठीवरचा काळा डाग बोटाने पुसून बघितला. "लोहा अच्छा है. आज नहीं मिलता." मग पॅडल मारायला लागले.

अठरा वर्षं मी त्यांच्याकडे येतोय. त्या दिवशी पहिल्यांदा नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि मग हसत म्हणाले, "क्यूं, पुलिस में देना है क्या?" ते नाव इथे छापत नाही, कारण तशी परवानगी मी मागितली नव्हती. पण घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितीये की. तू कधी विचारलंस?"