माफीने दावे कमी होतात का? आधी प्रश्न तपासू

प्रसूतीत बाळाला इजा झाली तर डॉक्टरांनी आईवडिलांची माफी मागावी का? या विषयावर वाचायला लागलं की एक पेपर हमखास समोर येतो: जेरल्ड हिक्सन आणि सहकाऱ्यांचा, १९९२ साली 'जामा'मध्ये आलेला. 'माफी मागा, कोर्टकचेरी टळेल' असं सांगणारे लोक तो पुरावा म्हणून देतात. एम.एस्सी.च्या सेमिनारमध्ये मीही दिला होता. फक्त सारांश वाचून! अख्खा पेपर नंतर वाचला, तेव्हा लाज वाटली.

पेपरमध्ये आहे काय ते बघू. फ्लोरिडात १९८६ ते १९८९ दरम्यान निकाली निघालेले दावे घेतले. ही सगळी कुटुंबं अशी, की ज्यांचं बाळ जन्माच्या आसपास कायमचं जायबंदी झालं किंवा दगावलं. अशा ३६८ पैकी १२७ कुटुंबांशी बोलणं झालं. दावा का केला? ३३ टक्के म्हणाले, ओळखीतल्या जाणकाराने सुचवलं. २४ टक्क्यांना लपवाछपवी झाल्याचं जाणवलं, २४ टक्क्यांना पैशांची गरज होती, २० टक्क्यांना माहिती हवी होती. (एका कुटुंबाची अनेक कारणं असू शकतात, त्यामुळे बेरीज शंभरवर जाते. गोंधळू नका.) ४८ टक्क्यांना वाटलं की डॉक्टरांनी दिशाभूल करायचा प्रयत्न केला. आणि ७० टक्के म्हणाले, पुढे मुलाच्या मेंदूच्या वाढीत अडचणी येतील याची कुणी कल्पनाच दिली नाही.

हे वाचून पोटात कालवतं. पण यातल्या एकाही आकड्यात 'माफी' नाहीये. लोकांना माहिती हवी होती, एवढं दिसतं. तिथून 'माफी मागितली असती तर दावा झाला नसता' ही उडी पेपर वापरणाऱ्यांची आहे.

दुसरं म्हणजे, सॅम्पलमध्ये फक्त दावा केलेलेच आहेत. ज्यांनी दावा केला नाही, त्यांनाही डॉक्टर तितकेच गप्प वाटले असतील तर? नापास झालेल्यांनाच 'सर नीट शिकवत नव्हते का?' असं विचारून नापास होण्याचं कारण ठरवण्यासारखं आहे हे. त्यात प्रतिसाद ३५ टक्के, आणि आठवणी दावा निकाली निघाल्यानंतरच्या. अर्थात लेखकांचा प्रश्न 'दावा केलेल्यांनी तो का केला' एवढाच होता, आणि त्या प्रश्नाला हे सॅम्पल चालतं. आपण त्यावर नको तेवढं ओझं टाकतो.

मग लोक मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांचं उदाहरण काढतात. तिथे चूक उघड करून, माफी मागून, भरपाई देऊ करण्याची पद्धत आणली. २०१० च्या पेपरनुसार दर लाख रुग्णभेटींमागे नवे दावे ७.०३ वरून ४.५२ वर आले. घट मोठी आहे. पण हा आधी-नंतरचा अभ्यास, तुलनेला दुसरा गट नाही, आणि कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे लेखकांनीच लिहिलंय. शिवाय चौकशी, माफी, पैसे असं सगळं एकत्र. यातलं औषध कुठलं?

उलट बाजूला २०१९ चा 'स्टॅनफर्ड लॉ रिव्ह्यू'मधला लेख. अमेरिकेत अनेक राज्यांनी कायदे केलेत, की डॉक्टरांची दिलगिरी कोर्टात त्यांच्याविरुद्ध वापरता येणार नाही. या कायद्यांमुळे धोका कमी झाला नाही, आणि शस्त्रक्रिया न करणाऱ्या डॉक्टरांवर खटला होण्याची शक्यता तर वाढली, असं त्यात निघालं. पण इथे मोजलाय तो कायदा. कुठला डॉक्टर प्रत्यक्षात काय बोलला, हे कुणी मोजलंच नाही. त्यातही बहुतेक राज्यांत संरक्षण आहे ते 'झालं त्याचं वाईट वाटतं' या वाक्याला, 'आमची चूक झाली' या वाक्याला नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र आउटकमवर आहे. दावे मोजणं सोपं, म्हणून सगळे दावेच मोजतात. त्यामुळे प्रश्न आपोआप रुग्णालयाच्या खर्चाचा होतो. समजा उद्या पक्कं सिद्ध झालं की माफीने दावे वाढतात. मग त्या आईला खरं सांगायचं नाही? मला हे पटत नाही. मुलाला पुढे काय लागणार आहे हे तिला कळलं का, उपचार वेळेत सुरू झाले का, हेही आउटकमच आहेत.

जन्माच्या इजेत एक खरी अडचण आहे. बाळाचा खांदा अडकून हाताच्या नसांना इजा झाली तर बहुधा लगेच दिसतं. सेरेब्रल पाल्सीचं निदान व्हायला अनेकदा बरेच महिने जातात, आणि कारण बऱ्याचदा प्रसूतीच्या आधीचं निघतं. तिथे पहिल्याच दिवशी 'चूक आमची' म्हणणं खोटंही ठरू शकतं. पण 'काय झालं ते आम्ही शोधतोय, अमुक तारखेला तुम्हाला बसून सांगू' हे त्याच दिवशी म्हणता येतं. आणि चूक निघाली तर त्या तारखेला माफी मागावी, दावा होवो न होवो.

मला अभ्यास करायचा झाला तर मी दावा न केलेली कुटुंबंही घेईन, अगदी जन्मापासून. त्यांना काय सांगितलं गेलं आणि केसपेपरवर काय लिहिलंय, हे शेजारी शेजारी ठेवून बघेन. परवानगी द्यायला किती रुग्णालयं तयार होतील, हा प्रश्न आहेच.