‘लोक धार्मिक का असतात?’ : एका प्रश्नाचे व्याकरण

लोक धार्मिक का असतात, याचे स्पष्टीकरण निरनिराळ्या संस्कृतींतील पौगंडावस्थेतील मुले कोणत्या प्रकारे देतात, हा विषय मानसशास्त्राने व समाजशास्त्राने आपापल्या परीने हाताळला आहे. उत्तरांची वर्गवारी त्यांत कसोशीने केलेली असते. ज्या भाषेत प्रश्न विचारला गेला तिची चिकित्सा मात्र क्वचितच आढळते. आणि निष्कर्षांचे दौर्बल्य बहुधा तेथेच दडलेले असते.

या अभ्यासपरंपरेच्या प्रारंभी डेव्हिड एल्किंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे १९६१ ते १९६३ या काळातील निबंध येतात. ज्यू, कॅथलिक व प्रॉटेस्टंट मुलांना त्यांनी पियाजे यांच्या धर्तीवर प्रश्न विचारले. कुत्रे किंवा मांजर ज्यू असू शकते काय, हा त्यांपैकी एक. प्रश्न वरकरणी पोरकट वाटतो. परंतु पाठ केलेले उत्तर त्याला देताच येत नाही, हे त्याचे मोठे बळ होय. सर्वांत लहान मुलांची उत्तरे अस्पष्ट, त्यांहून मोठ्यांची आचारावर बोट ठेवणारी आणि पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावरील मुलांची श्रद्धा व आकलन यांचा आधार घेणारी, असा क्रम त्यांना आढळला. निरीक्षण म्हणून हे मोलाचे आहे. तथापि, क्रमाला सोपानाचे रूप येताच एक गृहीत नकळत आत शिरते : धर्माचे खरे स्थान व्यक्तीच्या अंतःकरणात असून आचार ही त्याच्या अलीकडची पायरी होय. प्रॉटेस्टंट परंपरेला हे सहज मानवेल. ज्यू परंपरेत आज्ञापालनाला जे स्थान आहे ते पाहता तिच्या मुलांना याच मापाने मोजणे कितपत न्याय्य?

एक साधे मराठी वाक्य या सोपानावर ठेवून पाहिले म्हणजे शंका अधिक ठळक होते. ‘आमच्या घरात वारी आहे’ असे वारकरी कुटुंबातील मूल सहज म्हणते. या वाक्यात ‘मानणे’ हे क्रियापद नाही. वारी हा कर्ता, घर हे अधिकरण, आणि बोलणारा केवळ ‘आमच्या’ या षष्ठ्यंत सर्वनामापुरता. धार्मिकता येथे व्यक्तीत नसून घरात आहे. एल्किंड यांच्या सोपानावर हे उत्तर मधल्या पायरीवरच अडेल; ते देणारे मूल सोळा वर्षांचे असले आणि अभंगाचा अर्थ उत्तम रीतीने उलगडून सांगत असले, तरीही.

ख्रिश्चन स्मिथ व मेलिंडा डेंटन यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला ‘सोल सर्चिंग’ हा ग्रंथ अधिक व्यापक पायावर उभा आहे. अमेरिकेतील १३ ते १७ वर्षे वयाच्या तीन हजारांहून अधिक मुलांची दूरध्वनीवरून पाहणी आणि २६७ जणांच्या प्रत्यक्ष मुलाखती त्यात आहेत. ईश्वराला माणसे चांगली व सुखी व्हावीत असे वाटते आणि अडचणीत तो धावून येतो, एवढ्यावर बहुतेकांचे विवेचन संपते; या वृत्तीला लेखकांनी ‘नीतिपर, मनःस्वास्थ्यपर ईश्वरवाद’ अशा आशयाचे नाव दिले. धर्माविषयी अडखळणारी हीच मुले मद्यपान व मादक द्रव्यांच्या धोक्यांविषयी मात्र अस्खलित बोलत होती. आपण काय मानतो हे कोणा मोठ्या माणसाने प्रथमच विचारले, असेही कित्येकांनी सांगितले. ही नोंद ग्रंथातील सर्वांत प्रामाणिक नोंद म्हणावी लागेल; मात्र तिची पुरी किंमत लेखक मोजत नाहीत. जी भाषा बोलण्याचा प्रसंगच आला नाही तीत अडखळणे हे वाणीच्या सरावाचे माप आहे. श्रद्धेच्या क्षीणतेचा निर्णय त्यावर आधारणे घाईचे होय.

जपानमध्ये अडचण नामापासूनच सुरू होते. ‘शूक्यो’ हा शब्द पाश्चात्त्य ‘रिलिजन’चा प्रतिशब्द म्हणून मेइजी काळात रूढ झाला. त्यामुळे स्वतःला ‘मुशूक्यो’, म्हणजे धर्मरहित, म्हणविणारा विद्यार्थी प्रवेशपरीक्षेपूर्वी तेंजिनच्या देवस्थानात जातो, ‘एमा’ या लाकडी फळीवर आपली इच्छा लिहून टांगतो, आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही. (तेंजिन म्हणजे देवत्व पावलेला नवव्या शतकातील विद्वान सुगावारा नो मिचिझाने, परीक्षार्थ्यांनी दैवत नेमके निवडले आहे.) लोक ‘शूक्यो’कडे का वळतात असे या विद्यार्थ्याला विचारले, तर त्याच्या उत्तरातील ‘लोक’ म्हणजे दुसरे कोणीतरी असणार.

‘लोक’ या शब्दाची ही अडचण जपानपुरती नाही. मायकेल शर्मर व फ्रँक सलोवे यांना अमेरिकन प्रौढांच्या पाहणीत असे दिसले, की माणसे स्वतःच्या श्रद्धेला विश्वातील सुसूत्र रचनेसारखी बौद्धिक कारणे देतात. इतरांची श्रद्धा मात्र मानसिक आधाराच्या गरजेतून आली असे मानतात. मुलांच्या बाबतीत पुरुषवाचक सर्वनाम बदलून हाच प्रश्न विचारून पाहिल्याखेरीज कोणत्याही दोन संस्कृतींची तुलना करण्यात अर्थ नाही.

मराठीत प्रश्नावली रचणाऱ्यापुढे तर निवड आणखी कठीण आहे. ‘देवभोळा’ या शब्दात स्पष्टीकरण आधीच अंतर्भूत आहे, ‘कर्मठ’मध्ये निषेध आहे, ‘भाविक’मध्ये कौतुक, ‘धार्मिक’ त्यांतल्या त्यात तटस्थ, पण मुलांच्या रोजच्या बोलण्यात विरळ. शिवाय ‘आपण’ व ‘आम्ही’ हा भेद इंग्रजीच्या सर्वनामांत नाही. ‘आपण देवाला का जातो?’ यात विचारणारा मुलाच्या शेजारी उभा असतो. ‘तुम्ही देवाला का जाता?’ यात तो उंबरठ्याबाहेर. आणि ‘लोक देवाला का जातात?’ असे विचारताच तो मुलालाही आपल्याबरोबर बाहेर नेतो.