वरेण्याचा पश्चात्ताप आणि आजची पुस्तकं

जालन्याहून भोकरदनला जाताना राजूर लागतं. गणपतीच्या साडेतीन पीठांतलं हे एक पूर्ण पीठ मानतात. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडातली वरेण्य राजाची कथा परंपरेने इथलीच. विचित्र रूपाचं नवजात मूल राजाने रानात टाकलं, पराशरांनी ते वाढवलं. सिंदुरासुराला मारून आलेल्या त्याच गजाननाने पस्तावलेल्या बापाला अकरा अध्यायांची गणेशगीता सांगितली. अर्जुनाचा विषाद युद्धाआधीचा. वरेण्याचा मात्र हातून घडून गेलेल्या कृत्याचा. टाकलेलं मूलच गुरू होतं आणि उपदेशाआधी अपराधाची कबुली येते.

आजच्या आध्यात्मिक पुस्तकांत मला ही कबुलीच सापडत नाही. उपदेश उदंड आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जालना जिल्ह्यात. दासबोधातून व्यवस्थापनाचे धडे काढणारी पुस्तकं निघतात, ‘करुणाष्टकां’तल्या तळमळीकडे मात्र हे लेखक फिरकत नाहीत. तळमळ वगळून यशाची सूत्रं काढणं हा समर्थांवर अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं.

संशोधनात मराठी श्रीमंत आहे. रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ आणि सदानंद मोरे यांचं ‘तुकाराम दर्शन’ यांनी देवाचा आणि संताचा सामाजिक इतिहास उलगडला. मनाबद्दलची पुस्तकंही आता भरपूर वाचली जातात. अच्युत गोडबोले यांच्या ‘मनात’ने मानसशास्त्र घरोघरी नेलं, अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची कादंबरी केली. ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी गीता, संतवचनं आणि मानसोपचार शेजारी ठेवतात; या सगळ्यांत मला तो प्रयत्न सर्वांत मोलाचा वाटतो. पण तिथेही वाचक बहुधा शहरातला, नोकरीतल्या ताणाने थकलेला असतो.

अंगारकीला राजूरला रांगेत उभा राहणारा कोरडवाहू शेतकरी या पुस्तकांत कुठे आहे? कर्ज, नापिकी, शेजारच्या घरातली आत्महत्या सोसून तो देवाशी काय बोलतो? संकष्टी धरणारी त्याची बायको रागावते कुणावर? तारा भवाळकरांनी लोकसाहित्यातून बाईचं मन वाचलं, पण जात्यावरची ओवी गिरणीबरोबर विरळ झाली आणि तिच्या जागी बाईचं गद्य पुरेसं आलं नाही.

असं लिहायला भाविकच असावं लागतं असं नाही. इरावती कर्वे ‘परिपूर्ती’तल्या वारीच्या लेखात भक्तीने हेलावतात आणि जातवार दिंड्यांमुळे अस्वस्थही होतात. दि. बा. मोकाशी ‘पालखी’त शंका सोबत घेऊनच पंढरपूरला चालत गेले. ते पुस्तक 1964चं. अंगारकीच्या गर्दीबरोबर तसंच चालत राजूरला जाणाऱ्या लेखकाचं पुस्तक मला अजून वाचायला मिळालेलं नाही. ते मराठवाड्यातल्याच कुणी लिहावं, आणि त्यात नवस फळला नाही त्या माणसालाही पुरेशी पानं द्यावीत.